भरतीचा आलेख

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. आमच्या प्रयोगशाळेत नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याच्यावर समुद्राच्या भरती-ओहोटीचा आलेख काढायचं माझ्या मनात होतं. मिरकरवाड्याच्या धक्क्याजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या खलाशाने (सगळे त्यांना चाचा म्हणत) त्यासाठी महिनाभर मोजपट्टीच्या काठीवर दिवसा दर तासाला पाणी बघून आकडे वहीत उतरवून दिले होते.

मी एकेक ओळ टाइप करत, चालवून बघत प्रोग्रॅम पुरा केला. पडद्यावर रेघ चढत-उतरत गेली. फ्लॉपीवर साठवून चाचांना निरोप धाडला, कधीही येऊन बघा.

ते नेमके मी रजेवर असताना आले. सहकाऱ्यांनी फ्लॉपी घालून प्रोग्रॅम चालवला, तर चित्र नाहीच, नुसती चूक झाल्याची एक ओळ. आकड्यांतच गडबड असेल, असं कुणीतरी म्हणालं. चाचा तसेच परत गेले.

परतल्यावर मी शोधायला बसले. पडदा चित्रासाठी तयार करण्याची आज्ञा मी दर वेळी आधी हाताने देत होते; साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये ती नव्हतीच. मी समोर असले तरच तो चालायचा, आणि मी त्याला पुरा समजत होते. ती ओळ सुरुवातीला घातली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, तीनदा चालवून पाहिलं.

मग मिरकरवाड्याला गेले. चाचा भर उन्हात पायरीवर बसून पुन्हा पाणी मोजत होते. मी सांगितलं, चूक माझी होती.

त्यांनी काठीवरचं पाणी बघून आकडा टिपला. मग म्हणाले, "ताप होता तेव्हा दोन दिवसांचे आकडे मी अंदाजाने लिहिले, बाई. मला वाटलं, मशीनने ओळखलं."

कोणते दोन दिवस, तेही त्यांनी सांगितलं. मशीनला काहीच कळलं नव्हतं. उलट त्या दोन दिवसांची रेघ मला सगळ्यांत देखणी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले. ते दोन दिवस कोरे सोडून मी आलेख दाखवला. अमावस्येची भरती त्यांनी लगेच ओळखली. कोऱ्या जागेत तुम्ही आता मोजलेले नवे आकडे भरू का, असं मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "ते पाणी मी बघितलंच नाही."