ढगाखालचा बर्फ

आमच्या किहीममध्ये सलिलला सगळे ‘उपग्रहवाला’ म्हणतात, आणि त्याच्याकडून अपेक्षा काय, तर वादळ कधी येणार ते त्याने सांगावं. निसर्ग वादळात आमच्या वाड्यांमधली अर्धी सुपारी आडवी झाली, तेव्हापासून तर फारच. आभाळात जरा काळं दिसलं की कोणीतरी कुंपणाशी येऊन विचारतं, “काय, दिसतंय का काही?” तो बिचारा प्रत्येकाला सांगतो, की मी समुद्र बघत नाही, मी हिमाचलातला बर्फ बघतो. मग विचारणारा माझ्याकडे वळून डोळे मिचकावतो आणि आपल्या वाटेने जातो.

मी त्याची शेजारीण. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे त्याचं काम मला निदान ऐकून कळतं, आणि वर्गाची सवय सुटत नाही म्हणून मी त्याला बोलतेही फार. सलिल चोपन्न वर्षांचा आहे. लग्न केलं नाही. का, ते विचारायची हिंमत माझ्या जिभेलाही झालेली नाही. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा इकडे आला, आणि संस्थेने घरून काम करायला परवानगी दिली. सहा वर्षांपूर्वी आई गेली. पुण्याला परत जाण्याचं काही कारण नव्हतं आणि इथे राहण्याचंही नव्हतं, म्हणून राहिला.

त्याचं काम असं. उपग्रह रोज हिमाचलातल्या एका खोऱ्यावरून जातो आणि फोटो काढतो. फोटोच्या प्रत्येक बारक्या चौकोनात बर्फ आहे की नाही ते ठरवायचं, आणि थंडी सरल्यावर डोंगरावरचा बर्फ कोणत्या तारखेला गेला ते काढायचं. वीस वर्षांच्या तारखा एका रांगेत लावल्या की हवामान बदलतंय त्यामुळे बर्फ लवकर जायला लागलाय का ते कळतं. खालच्या गावांच्या शेताला पाणी त्याच बर्फाचं, त्यामुळे ही तारीख म्हणजे पोटापाण्याची गोष्ट.

यात एकच अडचण, ढग. ढग आला की त्याच्याखाली बर्फ आहे की माती, ते फोटोत दिसत नाही. मी विचारलं होतं, “मग त्या दिवशी काय लिहितोस?”

“शेवटचं स्वच्छ दिसलं होतं तेव्हा जे असेल, तेच पुढे धरतो. ढग हटेपर्यंत.”

मला ते लगेच पटलं. आपल्याकडे सुपारी वाळत घातली आणि मळभ आलं तर ती तशीच ओली पडून राहते. ऊन नाही तर वाळणं नाही. बर्फाचंही तसंच असणार. आम्ही दोघंही शहाणे, आणि दोघांनीही बर्फ पाहिलेला तो फ्रीजमधला. एकदा तो खोऱ्यात जायला निघाला होता, तिकीटही काढलं होतं, पण आई मोरीत पडली आणि ते राहून गेलं.

त्या खोऱ्यात अंगरूप नावाचे एक निवृत्त पोस्टमन आहेत. घरामागच्या उतारावरचा बर्फ कोणत्या दिवशी गेला ते एकतीस वर्षं एका वहीत लिहीत आले होते, कोणीही सांगितलेलं नसताना. संस्थेला जमिनीवरून खात्री करून देणारा असा माणूस हवाच होता. दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा सलिलला फोन यायचा. कामाचं बोलणं पाच मिनिटांत संपे. मग अर्धा तास त्यांचे वाटाणे, याची सुपारी, त्यांचे गुडघे, याची झोप. सलिलचं हिंदी अलिबागच्या रिक्षा स्टँडवरचं, पण अंगरूपजी ते गोड मानून घ्यायचे. रविवारी साडेनऊला हा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून पडवीत बसलेला असायचा. फोनवर शर्ट दिसत नाही, हे मी त्याला एकदा ऐकवलं. तो नुसता हसला, आणि मला माझीच लाज वाटली. त्या घरात आठवड्यात तेवढाच एक फोन वाजायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याचा मोठा अहवाल निघायचा होता. सलिलच्या आकड्यांत बर्फ होता तसाच टिकलेला, तारखा फारशा सरकलेल्या नव्हत्या. अंगरूपजींच्या वहीत मात्र अलीकडच्या वर्षांत बर्फ आठ-आठ, दहा-दहा दिवस लवकर गेलेला. सलिलने त्यांना विचारलं, की तुम्ही तारखा आठवणीने, नंतर लिहिता का? त्यांनी सांगितलं, त्याच दिवशी लिहितो. आणि हेही सांगितलं, की हल्ली वसंतात ढग फार येतात आणि ढगांत आमच्याकडे बर्फ लवकर वितळतो. निरभ्र रात्री तो कडक गोठतो, ढगाळ रात्री गोठतच नाही, वर पाऊस आला तर बघता बघता उतरतो.

हे सगळं त्या माणसाने सरळ, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. पण सलिलच्या डोक्यात मळभातली सुपारी बसलेली. तो म्हणाला, “ऊनच नाही तर वितळेल कसा?” आणि पुढे म्हणाला, की उपग्रहाला चष्मा लागत नाही, तुमच्या वयाला लागतो. थट्टेने म्हणाला, असं त्याचं म्हणणं. अहवालात त्याने लिहिलं, की स्थानिक नोंदी भरवशाच्या नसल्यामुळे वगळल्या आहेत, आणि प्रामाणिकपणे त्याची प्रत अंगरूपजींना पाठवली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सलिल शर्ट घालून बसायचा, साडेअकराला उठायचा. पावसाळा लागेपर्यंत हे चाललं. मग रविवारीही तो बनियनवर दिसायला लागला. तू स्वतः का फोन करत नाहीस, असं मी विचारलं. म्हणाला, “त्यांना माझ्याशी बोलायचं नसेल, तर उगाच का त्रास द्यायचा?” मला त्याचा संताप आला होता, पण माणूस इतका एकटा पडला की त्याला संताप दाखवायलाही जीव धजत नाही.

यंदा फेब्रुवारीत तो भर दुपारी, उन्हात, अनवाणी माझ्या अंगणात आला. हातात कागद. माझ्याकडे कामाला येणारी मनुबाई सुपारी सोलत बसली होती, तिने पाट सरकवून त्याला जागा केली. त्याला ढगातून आरपार बघणाऱ्या रडारच्या उपग्रहाची जुनी माहिती मिळाली होती. ढगाळ दिवसांत त्याने जिथे जिथे बर्फ धरला होता, तिथे रडार उघडी माती दाखवत होतं. एखादं वर्ष नव्हे, पाच वर्षं. अंगरूपजींच्या वहीतल्या तारखांशी ते बरोबर जुळत होतं.

“वहिनी, ढगाखाली बर्फ कधीच गेलेला असायचा. मी कालचाच पुढे ढकलत बसलो. जेवढे ढग वाढले तेवढा माझ्या कागदावर बर्फ टिकला.”

मी म्हटलं, “मळभात काही बदलत नाही, असं आपल्याला दोघांनाही वाटलं होतं.”

मनुबाईने वर न बघता विचारलं, “कोन म्हनतं बदलत न्हाय? मलबात सुपारी हाय तशी ऱ्हाते व्हय? आतून बुरशी धरते ती.”

तीस वर्षं ती माझ्या वाडीत सुपारी सोलते आहे, आणि दर मळभाला कुजकी सुपारी बाजूला काढते आहे.

सलिलने संस्थेला त्याच दिवशी कळवलं. अहवाल चुकला, चूक माझी, दुरुस्ती पाठवतो. संस्थेला लिहिणं त्याला सोपं गेलं. अंगरूपजींना फोन करणं काही होईना. रोज सकाळी यायचा, चहा घ्यायचा, जायचा. आठव्या दिवशी मी चहा दिला नाही. म्हटलं, “आधी त्या माणसाशी बोल. त्यांचा फोन पुन्हा यावा असं तुला वाटतं ना? मग तोंड उघड.”

“वाटतं हो,” तो म्हणाला. “दुसरं काहीच वाटत नाही मला.”

रविवार होता. माझ्याच ओटीवर बसून त्याने फोन लावला. मी फोन मोठ्या आवाजावर करून मधे ठेवला. अंगरूपजींनी आवाज लगेच ओळखला, आईची चौकशी केल्यासारखी सुपारीची चौकशी केली. सलिलने मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तुमच्या तारखा बरोबर होत्या, माझ्या चुकीच्या, मी तुम्हाला खोटं पाडलं, मला माफ करा. पलीकडून ते म्हणाले, की अहो, होतं असं, काम करणाऱ्याच्याच चुका होतात. त्यात राग नव्हता. सलिलचा चेहरा इतका उजळला, की मी पदराने डोळे टिपले.

मग त्याने विचारलं, “या तीन वर्षांच्या तारखा वहीत असतील ना? त्या पाठवाल का?”

“नाही लिहिल्या,” अंगरूपजी म्हणाले. “तुम्ही लिहिलं होतं ना, भरवशाच्या नाहीत. मग थांबवलं.”

एकतीस वर्षांची वही एका वाक्याने बंद पडली होती. सलिल म्हणाला, “यंदापासून पुन्हा लिहाल? मी विनंती करतो.”

अंगरूपजी हळू आवाजात बोलले, त्यात तक्रार कसलीच नव्हती. “तुम्ही म्हणता तर लिहीन. पण आता तसं जमत नाही. पूर्वी खिडकीतून बघायचो आणि लिहायचो. आता बघतो, तर वाटतं, खरंच गेलाय का, की मलाच तसं दिसतंय? मग नातवाला हाक मारतो आणि त्याला विचारतो.”

फोन संपला. पुढच्या रविवारी करतो, असं अंगरूपजी म्हणाले होते, म्हणजे सलिलला हवं होतं ते मिळालं होतं. तो मात्र हललाच नाही. मी चहा आणला, तो निवून गेला.

“फोन येईल आता, सलिल,” मी म्हटलं.

“येईल,” तो म्हणाला. “त्यांना जे दिसतंय त्यावर त्यांचा विश्वास राहिला नाही, वहिनी. आणि मी इथे बसून दर रविवारी त्यांना विचारणार, काय दिसतंय म्हणून.”

मी निवलेला चहा पुन्हा गरम करून आणला आणि त्याच्या शेजारी बसले.