बंद हॉस्पिटलातला फोटो

फोटो स्टुडिओतली ताई दिवसभर लोकांचे चेहरे नीट करायची. पासपोर्टच्या फोटोतले मुरमांचे डाग पुसायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळायची, कुणाची वाकडी कॉलर सरळ करायची. वय बेचाळीस, लग्न केलं नव्हतं. घरात अंथरुणाला खिळलेली आई. धाकटा भाऊ नशेच्या गोळ्यांपायी तीन वर्षांपूर्वी घरातून गेला, तो गेलाच.

मग कुणीतरी सांगितलं, तो शहराबाहेरच्या बंद इमारतींत रात्री झोपायला असतो. ताई पोलिसांकडे गेली. हवालदार म्हणाला, "सज्ञान माणूस आहे, बाई. स्वतःच्या पायांनी गेलाय. आम्ही काय पाळणाघर चालवतो?"

तिनं मालकाकडून जुना कॅमेरा मागून घेतला, ट्रायपॉड खांद्यावर टाकला आणि स्वतःच निघाली. बाईमाणूस रात्री इथे काय करतेय असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं : पडक्या इमारतींचे फोटो काढायचा छंद आहे. टायरच्या कारखान्याचा वॉचमन हसून म्हणाला, "काढा, काढा. इथे भुतंसुद्धा उरली नाहीत. पाण्याची लाइन तोडली तेव्हा तीही गेली."

अंधारात फोटो घ्यायचा तर कॅमेरा अर्धं मिनिट उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात जो हलला तो फोटोत उमटतच नाही. ताई त्या अर्ध्या मिनिटात कानोसा घ्यायची. कुठे खोकला, कुठे पाऊल. मग भावाला हाक मारायची. अकरा महिने तिनं गोदामं, वसतिगृहं, कारखाने पालथे घातले. पहाटे दार उघडलं की आई विचारायची, "भेटला?"

"आज नाही."

"उद्या बघ."

पुढे आईनं खाणं सोडलं. डॉक्टर दारापाशी येऊन हळूच म्हणाले, "आठवडा. फार तर."

त्याच रात्री ताईनं बंद हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर फोटो काढला. सकाळी स्टुडिओत तो मोठा करून बघते, तर व्हरांड्याच्या टोकाला गंजक्या खाटेवर कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं. दिवस कसाबसा ढकलून ती रात्री थेट तिथेच गेली.

खाटेवर एक दाढीवाला म्हातारा होता. ताई हमसून हमसून रडली. म्हाताऱ्यानं रडू दिलं. मग म्हणाला, "तुम्ही त्याची ताई ना? फाटकाशी तुमचा टॉर्च दिसला की तो मागच्या जिन्यानं उतरतो. चार महिने असंच चाललंय. मला सांगून ठेवलंय, काका, ती गेली की हाक मारा."

"आत्ता कुठेय?"

म्हाताऱ्यानं नुसतं जिन्याकडे बघितलं.

ताई जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "आई चालली रे! मला नको भेटूस, पण तिला भेट!"

पावलं वाजली आणि खालच्या वळणावर तो येऊन थांबला. अंगावर मांस म्हणून नव्हतं. पुढचे दोन दात गेलेले.

"तिथेच थांब, ताई."

"खाली रिक्षा उभी आहे. चल."

"असा? मला असं बघून तिचा जीव तरी सुखानं जाईल का?"

"तिला धड दिसतसुद्धा नाही रे."

"तुला दिसतंय ना."

ताईनं हातापाया पडून पाहिलं. ती एक पायरी उतरली की तो एक पायरी मागे सरकायचा. शेवटी तो म्हणाला, "माझा फोटो काढ. लोकांचे चेहरे नीट करतेस ना? माझाही कर. तो दाखव तिला."

आणखी ताणलं तर हा निघून जाईल, या भीतीनं तिनं कॅमेरा लावला. तो कठड्याला धरून उभा राहिला. ते अर्धं मिनिट संपूच नये असं तिला वाटलं. कॅमेरा बंद झाल्याचा आवाज आला, आणि तो उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती त्या चेहऱ्याशी झटत होती. गाल भरले, ओठ मिटवले, शर्टाला रंग दिला. मालकानं डोकावून विचारलं, "कुणाची ऑर्डर?"

"घरचीच," ती म्हणाली.

आईनं फोटो डोळ्यांना चिकटवून खूप वेळ बघितला.

"बारीक झालाय," ती म्हणाली. "जेवतो का?"

"जेवतो."

"कुणाच्या हातचं?"

ताई आईच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली.

तिसऱ्या दिवशी आई गेली. शेजाऱ्यांच्या मदतीनं ताईनं सगळं उरकलं आणि संध्याकाळी हॉस्पिटल गाठलं. म्हातारा म्हणाला, त्या रात्रीपासून तो फिरकलाच नाही.

ताई अजूनही दर शनिवारी जाते, कधी या इमारतीत, कधी त्या. अंधारात उभी राहून मोठ्यानं सांगते, "आई गेली. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. मी घरी नसताना ये."