चंद्री फितूर झाली तो अंक

सदानंद भाटकर मास्तरांची आणि माझी पहिली भेट उभ्याउभ्याच झाली. शाळेतली ड्रॉइंग मास्तरांची कायमची नोकरी सोडून ते मांडवीतल्या माझ्या छापखान्यात आले होते. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"मुलांसाठी चित्रकथांचं मासिक काढतोय. 'डोलकाठी'. छापाल?"

"मास्तर, नोकरी सोडण्याआधी विचारायचंत."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

आज मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ते अजून बसलेले नाहीत.

मी पेपर टाकता टाकता खिळे जुळवायला शिकलेला माणूस. चित्रातले मला ओ की ठो कळत नसे. मास्तर चित्रे काढीत आणि पात्रांच्या बोलण्याचे फुगे कोरे सोडीत. चित्रांचे छपाईचे ब्लॉक कोल्हापूरला बनून एसटीने येत. फुग्यांतला मजकूर मी जुळवून बसवी. कोणते वाक्य कोणाचे, हे कळावे म्हणून मास्तर प्रत्येक फुग्याला आणि त्याच्या वाक्याला एकच आकडा देत. घाटात दरड कोसळली की ब्लॉक अडकत आणि मास्तर दिवसातून चारदा स्टँडवर जाऊन येत.

पहिली दोन वर्षे बरी गेली. मग घरोघर टीव्ही आला, मुले संध्याकाळी दिसेनाशी झाली आणि अंक परत येऊ लागले. एकदा मास्तर येरझाऱ्या घालता घालता म्हणाले, "हा अंक उचलला गेला तर पुढचा. नाहीतर 'डोलकाठी' बंद."

नेमक्या त्याच अंकात मी घाई केली. तांडेलाची पोर चंद्री आणि सोन्याचा चोरटा व्यापार करणारा दामूशेठ होडीवर समोरासमोर आलेले. आकडे न बघता मी अंदाजाने फुगे भरले. चंद्री म्हणाली, "अर्धं सोनं माझं." आणि दामूशेठ म्हणाला, "सगळं सरकारजमा करायचं."

मला हे कळले स्टँडवर. अंक खेड, पावसकडे रवाना झाले होते आणि बाकावर दोन पोरे भांडत होती.

"चंद्री फितूर झाली रे."

"गप मेल्या. ती नाटक करताय."

मी तसाच मास्तरांकडे गेलो. त्यांनी ते पान वाचले, अंगणात तीन फेऱ्या मारल्या. मला वाटले, आता हा माणूस माझ्या छापखान्याची पायरी चढणार नाही. ते थांबले आणि विचारले, "दुसरा पोर काय म्हणाला, नीट सांगा."

पुढच्या अंकात चंद्री खरोखरच नाटक करीत असल्याचे उघड झाले आणि दामूशेठ निघाला वेषांतर केलेला सरकारी माणूस. तो अंक हातोहात गेला. मुलांची पत्रे आली. मास्तरांनी प्रत्येकाला कोपऱ्यात होडी काढून उत्तर धाडले. त्या जोरावर 'डोलकाठी' आणखी दोन वर्षे तरली. अखेर ती थांबलीच, तेव्हाही मास्तरांनी शेवटचा अंक स्वतः स्टॉलवर नेऊन दिला.

त्या कलाटणीचे कौतुक आजही होते. एका समारंभात कोणी विचारले, "ही युक्ती सुचली कशी?" मी समोरच, मान खाली घालून बसलो होतो. मास्तर म्हणाले, "छापखान्यात सुचली." माझे नाव त्यांनी चुकीलाही लावले नाही. ते आज मीच लावतो आहे; इतकी वर्षे ती चूक मला स्वस्थ बसू देत नव्हती.

गेल्या आठवड्यात मास्तर पुन्हा दारात उभे. काखेत नव्या चित्रांची गुंडाळी. मास्तर, तुमचे पाय असेच चालते राहोत, हात थरथरू नयेत, शंभरीचा अंकही माझ्याच छापखान्यात निघो. फुग्यांना आकडे घाला. या खेपेला मी बघेन.