पोहण्याच्या पोशाखातली बाई

मंगळवारी सकाळी चहा पिताना माझा नवरा गेला.

तेराव्याच्या आत फोटो भिंतीवर लागला पाहिजे, असं मिरजेहून धाकट्या दिराने बजावलं. गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर. फोटो होता, चंदनाचा हारही आणला होता. खिळा नव्हता. शारजात, रोल्लातला आमचा फ्लॅट भाड्याचा, आणि मालकाची परवानगी दर भिंतीला एकाच खिळ्याची. त्या प्रत्येक खिळ्यावर इंग्लंड लटकत होतं.

नवऱ्याला जुन्या ब्रिटिश चित्रांचा नाद. दुबई सोडून मायदेशी निघालेल्या इंग्रजांच्या घरसामानातून त्याने ती उचलली. थेम्सवरचा पूल आणि घोडागाड्या, धुराने भरलेलं स्टेशन, पावसातली ट्राम. बहुतेक नकला होत्या. हे त्याला माहीत होतं. पाहुण्यांना त्याने कधी कळू दिलं नाही. इंग्लंडला तो गेला नव्हता. ऑफिसात जन्मभर पार्किंगचे नकाशे काढले, त्यामुळे हलणाऱ्या गाडीचं अप्रूप असावं.

सगळ्यांत लाडकं पोस्टर दक्षिणेच्या भिंतीवर, सोफ्याच्या वर. रेल्वेने समुद्रावर चला, अशी जाहिरात. कोपऱ्यात आगगाडी, आणि मधोमध लाल पोहण्याच्या पोशाखात हात उंचावलेली बाई. भेटायला येणारे नेमके तिच्याखाली बसून हळहळत. मी समोरून त्यांचं ऐकायचे आणि तिच्याकडे बघायचे. तिला आमच्या दुःखाचं काही पडलेलं नव्हतं. त्यामुळे मला बरं वाटायचं.

व्हिडिओ कॉलवर ती दिराला दिसली.

“वहिनी, आधी त्या बयेला उतरवा. दादा तिथं पाहिजे.”

“त्यांची आवडती आहे ती, भावजी.”

“म्हणून काय आम्ही तिला नमस्कार करायचा?”

माझी मुलगी मागून म्हणाली, “काका, शी वॉज हिअर फर्स्ट.”

“तेराव्याला सगळी भावकी कॉलवर असेल,” एवढं बोलून त्याने फोन बंद केला.

चित्र चादरीत गुंडाळून मी बर दुबईला नेलं. देवळाच्या गल्लीतला एक फ्रेमवाला देवांच्या तसबिरी करतो. त्याला म्हटलं, याच फ्रेममध्ये फोटो बसवा आणि पोस्टर गुंडाळून द्या. गुंडाळलेलं ते परत कधी उघडलं जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्याने पोस्टरची कड चाचपली.

“रोल करेंगे तो फटेगा, भाभी. अंदरही रहने दो. पुराने भगवान को कोई फेंकता नहीं, तो हम नया फोटो उसीके ऊपर लगा देते हैं.”

“ये भगवान नहीं है.”

त्याने बाईकडे नीट पाहिलं. “जिसका जो भगवान, भाभी.”

मी हो म्हटलं. त्याने नवऱ्याला तिच्या पुढ्यात बसवून मागून खिळे ठोकले.

तेराव्याला मिरजेत चुलत्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी फोनपुढे हात जोडले. “आता कसं घर घरासारखं दिसतंय!” दीर म्हणाला. मुलगी तोंड दाबून आत पळाली. मी ओढणी तोंडावर घेतली, तरी खांदे हलत होते.

“रडू नका, वहिनी,” दीर म्हणाला, आणि त्यालाच हुंदका फुटला. मग मला खरंच रडू आलं.

दक्षिणेच्या भिंतीवर आता नवरा आहे. पोस्टर त्याच्या मागे आहे. मी समोर बसते.