बारा माणसं, आठ माणसं

आमच्या घरात आजही कुणाचं पोर गणितात गटांगळ्या खायला लागलं की त्याला माझ्यासमोर आणून बसवतात. मी सातवीची फायनल पास आहे, एवढंच त्यांना माहीत. कसा झालो ते कुणी विचारत नाही, आणि मीही उगाच कशाला आपली शोभा करून घेऊ?

लढाईची वर्षं होती. भाईंदरच्या शाळेत सातवीला मी आणि माझा थोरला भाऊ एकाच बाकावर बसायचो. तो आदल्या वर्षी गणितात गेला होता, आणि यंदा मी जाणार अशी मास्तरांची खात्री होती. वडील मिठागरावर मुकादम. घरातलं एक तरी पोर फायनल पास होऊन शाळामास्तर व्हावं, त्याचे पाय मिठात भेगाळू नयेत, एवढीच त्यांची इच्छा. दोघांतला कोणीही चालेल, म्हणायचे.

माघात भावाला मुदतीचा ताप आला आणि तो गेला. परीक्षा तोंडावर होती.

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. धीर कसला? डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं झालं होतं. ताट आलं की जेवायचो, अंथरूण दिसलं की झोपायचो.

वडीलही तसेच. मिठागरावरून आले की हातपाय धुऊन ओटीवर बसायचे आणि म्हणायचे, "आन तुझी त्रैराशिकं." रॉकेल मिळत नसे, तेव्हा उजेड असेतो काय होईल ते. त्यांना गणित येत होतं अशातला भाग नाही. पुस्तकाच्या मागची उत्तरं तेवढी ते वाचून दाखवत.

एकदा माझ्या उत्तरात साडेतीन मजूर आले.

"अर्धा मानूस कुठना आनलास रं?"

"गणितातच आला."

"हाय आमच्या मिठागरावर पन एक. जेवून आला का अर्धाच उरतो."

ते हसले नाहीत, मीही नाही. विनोद झाला एवढं दोघांच्या लक्षात आलं आणि आम्ही पुढचं गणित घेतलं. बारा माणसं एक शेत दहा दिवसांत कापतात, तर आठ माणसं किती दिवसांत कापतील? मी नेहमीसारखं सरळ मांडलं आणि म्हणालो, "सहा पूर्णांक दोन तृतीयांश."

वडिलांनी मागचं पान पाहिलं. "पंधरा हाय."

"पंधरा कसे? मानसं कमी झाली, म्हंजे काम कमीच होनार ना? आपल्याकडं झालंच की."

हे मी वाद घालायला म्हटलं नव्हतं. मला खरंच तसं दिसत होतं. धुवायला एक ताट कमी, काढा उकळायचा नाही, ओल्या पट्ट्या बदलायच्या नाहीत.

वडिलांनी पुस्तक मिटलं. आतून आई आली. ती त्या दिवसांत फारशी बोलत नसे. तिने कळशी आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

"जा, इहिरीवरना पानी आन."

"आता? गणित चाललंय."

"तुझा दादूस आनायचा. त्याच्या मागं मीच आनते. तुला दिसलं न्हाय काय?"

दिसलं नव्हतं. मी उठलो. रांजण भरेपर्यंत अंधारून आलं आणि खांद्याची सालं निघाली. परत आलो तर वडील तिथेच बसलेले.

"पंधरा," मी म्हणालो.

"मगाशीच सांगितलं," ते म्हणाले.

परीक्षा खाडीपलीकडे वसईला झाली. भिंत बांधणाऱ्या गवंड्यांचं उदाहरण होतं, त्यातले काही मध्येच निघून गेलेले. त्यांचं काम मागे राहिलेल्यांच्या अंगावर पडणार, हे आधी बघून घेतलं आणि मग आकडे मांडले. उत्तर बरोबर असावं असं वाटलं. आनंदबिनंद काही नाही. पुढचा मुलगा टाक चावत होता, त्याच्याकडे बघत वेळ काढला.

निकाल सांगायला मास्तर स्वतः मिठागराच्या बांधावर आले. मी वडिलांची भाकरी घेऊन तिथे गेलो होतो.

"मुकादम, पेढे काढा!" मास्तर लांबूनच ओरडले. "तुमचा मुलगा पास झाला."

वडील मिठाच्या राशीकडे तोंड करून उभे होते. ते वळले आणि म्हणाले, "कोनता?"

मास्तरांनी टोपी काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. मलाही काय करावं सुचेना, तेव्हा वर्गात करतात तसा मी हात वर केला.