रॅगिंगविरुद्ध मी लिहिलेली मेल

अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरमधल्या आयांना एकच शस्त्र चालवता येतं, शाळेला मेल करणं. शाकाहारी म्हणून दिलेल्या जेवणात मांस निघालं, कर मेल. गणिताच्या वरच्या वर्गात घेतलं नाही, कर मेल, वर प्रिन्सिपॉलला सीसी. यात मी कुणाला हार गेले नाही. त्यामुळे लेक सगळ्यांच्या नाकावर टिच्चून शिकायला सोलला निघाली, तेव्हा मी तिच्या बॅगेत मेतकूट भरलं, लोणचं भरलं आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसचा पत्ता माझ्या फोनमध्ये सेव्ह केला. असू दे म्हटलं, लागतो.

माझ्या सकाळी सातला तिचे रात्रीचे आठ वाजलेले असायचे. मी डबे भरता भरता तिच्याशी बोलायचे. तिथे कॉलेजात बहुतेक सगळे कुठल्या ना कुठल्या क्लबात असतात म्हणे. हिने ढोलांचा क्लब धरला. जांगू नावाचं त्यांचं कोरियन वाद्य, आपल्या डमरूसारखं मधे बारीक, पण चांगलं मोठं, अंगाला बांधून दोन्हीकडून वाजवायचं. मला आनंदच झाला. पण हिला वाजवायला देतंय कोण! नव्या मुलांनी क्लबची खोली झाडायची, सीनियर मंडळींचे ढोल मैदानावर वाहून न्यायचे, परत आणायचे, आणि स्वतः मांडीवर हात मारत तोंडाने ताल म्हणायचा. दंग, दक, कुंग. सीनियर दिसली की कमरेत वाकायचं, मग ती एकाच वर्षाने मोठी का असेना.

"आज सहा ढोल वाहिले," ती एकदा म्हणाली आणि तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. अंगठ्याच्या खाली टपोरा फोड आला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रॅगिंग म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. नागपूरला इंजिनीअरिंगच्या होस्टेलमध्ये पहिले सहा महिने मी सीनियर पोरींच्या ड्रॉइंग शीट काढल्या, त्यांच्या बादल्या भरल्या, मान खाली घालून कॉरिडॉरमध्ये तासन्‌तास उभी राहिले. घरी अवाक्षर बोलले नाही. आता माझ्या पोरीच्या वाट्याला तेच? आणि तेही मी धडधाकट जिवंत असताना?

"अगं, ती हसत सांगत होती," नवरा म्हणाला.

"हसतातच सगळ्या. मीही हसायचे," मी म्हणाले आणि डब्याचं झाकण असं काही लावलं की तो गुपचूप स्टेशनला निघाला.

त्या दिवशी लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी सोलच्या त्या ऑफिसला मेल लिहिली. चार मुद्दे, चारही ठळक अक्षरांत. अमेरिकेत असल्या प्रकारांवर पोलीस केस होते, असंही ठोकून दिलं. लेकीला विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाली असती, आणि तिच्या वयाची असताना मीही नकोच म्हणाले असते. दोन दिवसांत अत्यंत नम्र उत्तर आलं. गैरसोयीबद्दल दिलगिरी, आपल्या मुलीला यापुढे कोणतंही काम सांगितलं जाणार नाही. मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

त्यानंतर लेकीचे फोन आखडले. कसं चाललंय? "फाइन." जेवलीस? "हो." परीक्षा असतील, असं मी मनाशी म्हणत राहिले.

डिसेंबरच्या सुट्टीत ती घरी आली. तीन दिवस घुम्यासारखी बसून होती. चौथ्या दिवशी मेथी निवडताना मी सहज विचारलं, "आता तरी वाजवायला देतात ना ढोल?" तिने हातातली काडी खाली ठेवली.

"तुझ्या मेलनंतर त्यांनी क्लबच्या लीडरला ऑफिसात बोलावलं, आई. ती एकवीस वर्षांची आहे. तिच्याकडून लेखी एक्स्प्लनेशन घेतलं. मग ती सगळ्यांसमोर माझ्यापुढे वाकली आणि सॉरी म्हणाली. माझ्यापुढे!"

"मग बरोबरच आहे," मी म्हणाले.

"मला कुणी काही बोललं नाही. आता मी ढोल उचलला की कुणीतरी येऊन हातातून घेतं. झाडू घेतला की झाडू घेतात. तू राहू दे म्हणतात." मग तिने मला तिथली जेवणाची रीत सांगितली. नव्या मुलीने कुठल्याही सीनियरला मेसेज करायचा, मला जेवायला घाला. सीनियर तिला घेऊन जाते, जेवता जेवता ओळख होते, आणि पुढच्या वर्षी आपण नव्यांना न्यायचं. "मी विचारलं तर नाही म्हणत नाहीत. पण माझ्याशी मोठ्या माणसांशी बोलावं तसं बोलतात आणि पटकन उठतात. म्हणून मी विचारणं सोडलं. मेच्या फेस्टिव्हलमध्ये सगळे नवे पहिल्यांदा वाजवणार. मला म्हणाले, तुला जमलं तर ये."

"मग हाताचा फोड मला कशाला दाखवलास?" माझा आवाज चढला.

"कारण मला भारी वाटत होतं! मी तक्रार करत नव्हते गं, तुला सांगत होते!"

वा! म्हणजे आता चूक माझी! मी भांडले. खोटं कशाला बोलू, चांगली तावातावाने भांडले. माझ्या वेळी कुणी अशी एक मेल केली असती तर मी त्याचे पाय धुऊन पाणी प्यायले असते, हेही ऐकवलं.

"मग ती मेल तुझ्यासाठी होती," ती म्हणाली आणि वर निघून गेली. मेथी मी एकटीने निवडली. राग आधी तिचा आला, मग त्या ऑफिसवाल्यांचा, आणि जुडी संपेपर्यंत माझा स्वतःचा इतका आला की भाजीत मीठ घालायचं राहिलं.

मार्चमध्ये तिचा फोन आला. क्लबात ती पुन्हा भरती झाली होती, नव्याने आलेल्या मुलांबरोबर, पहिल्यापासून. तिने स्वतः लीडरला तसं विचारलं होतं.

"म्हणजे तुझ्याबरोबरच्या पोरी आता तुला ऑर्डरी सोडणार?"

"हो."

"आणि तू त्यांचे ढोल वाहणार?"

"वाहतेच आहे."

मी ओठ घट्ट मिटून घेतले. मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. त्यानंतर मी शहाण्यासारखी फक्त हवापाणी विचारत राहिले. मे निम्मा सरला तेव्हा मात्र राहवेना. म्हटलं, "कार्यक्रम कधी आहे गं? आम्ही इथून लाइव्ह बघू."

"झाला. गेल्या शुक्रवारी."

"वाजवलंस तू?"

"वाजवलं." आवाज कसा उजळला होता!

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कुणाला तरी काहीतरी लिहिलं असतंस, आई."

"काय लिहिणार होते मी? काहीतरीच काय! बरं, पुढे उभी होतीस ना?"

"नाही. सगळ्यात मागे. एका खांबाच्या आड."

आणि काय सांगू, तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत माझ्या डोक्यात मेलचा पहिला मुद्दा तयार झाला होता.