भाजीआजींचा कोरा वाफा

भाजीआजींनी आमची बेल कधी वाजवली नाही. सकाळी दार उघडलं की मुठीला पिशवी लटकलेली असायची. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पालकाची जुडी, मुळांना ओली माती. नवऱ्याच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळे आम्ही जपानमधल्या त्सुकुबाला आलो तेव्हापासूनचा हा क्रम. शेजारच्या घरामागे त्यांचा छोटासा मळा होता. भेटल्या की म्हणायच्या, "आज सकाळीच उपटलाय हं, मुलीला द्या." त्यांचं आडनाव माझ्या जिभेवर कधी नीट बसलंच नाही, म्हणून घरात त्या भाजीआजी झाल्या.

मग तो भूकंप झाला, अणुभट्टी फुटली आणि टीव्हीवर आमच्या भागातल्या भाज्यांत किरणोत्सर्ग उतरल्याची चर्चा सुरू झाली. पुढे भाजी तपासून येतेय, खायला हरकत नाही असंही सांगितलं गेलं. पण माझी चिनू सहा वर्षांची, माझा धीर होईना. भाजीआजींना हसून 'अरिगातो', धन्यवाद, म्हणायचं आणि आत येऊन जुडी कचऱ्यात टाकायची. इथल्या कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक असतात, म्हणून ती पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायची. तेही त्यांच्याच! इतकी शहाणी मी.

आमच्या स्वयंपाकघरात पेरू देशातल्या इंका लोकांच्या अवशेषांचं कॅलेंडर होतं. ते बघून एकदा आजी म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला? आमच्याकडेही जुनं आहे की. चला, दाखवते." त्याच वर्षी शरदात त्यांनी चिनूला आणि मला आपल्या चिमुकल्या गाडीत घालून नेलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या सरदारांची थडगी, आता गवताने झाकलेल्या नुसत्या टेकड्या. आजी प्रत्येक टेकडीला वाकून नमस्कार करायच्या, "आत झोपलेत ना!" म्हणायच्या. चिनूही त्यांच्यामागून वाकत होती.

दुपारी आजींनी गवतावर डबा उघडला. भाताचे गोळे आणि तीळ घातलेला पालक. मी पटकन म्हणाले, "आज आमचा उपवास आहे. देवासाठी. चिनूचासुद्धा." काय ही माझी जीभ! आजींनी अगदी आदराने मान हलवली आणि डब्याला झाकण लावलं. "तुम्ही उपाशी असताना मी कशी खाऊ?" त्या म्हणाल्या. खरंच खाल्लं नाही त्यांनी, सत्तरी उलटलेल्या बाईने.

तिथून आम्ही कुंभारांच्या बाजारात गेलो. भूकंपात भट्ट्या कोसळल्या होत्या, तरी माणसं मांडव घालून वाडगे-पेले मांडून बसली होती. चिनू भुकेने रडायला लागली. आजी दिसत नाहीत असं बघून मी भाजलेली कणसं घेतली आणि आम्ही दोघी मांडवामागे उभ्या राहून अधाशासारख्या खायला लागलो. मागे वळले तर आजी उभ्या! हातात निळसर वाडगा. "उपवासाला जे चालतं ते यात खात जा," एवढं म्हणून तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि शेजारचे पेले बघायला वळल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चार दिवसांनी दाराच्या मुठीला पुन्हा पिशवी. आत दुकानातलं पाकीट, क्युशूच्या पालकाचं. तो तिकडचा, पार दक्षिणेकडचा, हे सांगणारं लेबल मुद्दाम वर केलेलं. सोबत सोप्या जपानी अक्षरांत चिठ्ठी होती. ती चिनूने वाचून दाखवली, "हा माझ्या मळ्यातला नाही. काळजी करू नका." आपल्या हातांनी पालक पिकवणारी बाई माझ्यासाठी दुकानात गेली होती! तेव्हाच जाऊन पाय धरायला हवे होते. मी नुसती भाजी केली.

पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडावर आमची कोबेला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा कसंबसं म्हणाले, "आजी, तुमच्या मळ्यातला पालक द्याल? आज रात्री आम्ही सगळे खाऊ."

त्यांनी विचारलं, "आज उपवास नाही?"

"नाही. तेव्हाही नव्हता. मला माफ करा."

"माहीत आहे," त्या हसून म्हणाल्या. हाताला धरून त्यांनी मला मागे नेलं. मुळा होता, कोबी होता, मधला एक वाफा तेवढा कोरा होता.

"पालक यंदा पेरलाच नाही," आजी म्हणाल्या. "मला एकटीला कितीसा लागतो?"